जुनी मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर: आधी गाडीचं काय करावं, आणि अंगावर काय घालावं?

आडवाट:
नमस्कार. मामाची मोटरसायकल आता माझ्याकडे आली आहे. साडेतीनशे सीसी, एकच सिलिंडर, चार स्ट्रोक, पॉईंटवालं इग्निशन (ठिणगीसाठी उघडझाप करणारा यांत्रिक स्विच), कार्ब्युरेटर, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आणि सुरू करायला फक्त किक. मामाने हौसेने वापरलेली गाडी, पण नंतरची काही वर्षं नुसती झाकून उभी होती. किकवर पाय ठेवला की कॉम्प्रेशन छान लागतं. टाकी बाजूला ठेवून बाटलीतून ताजं पेट्रोल दिलं तर सुरूही होते, फक्त चोक बंद केला की लगेच मरते.

मला ती शोभेला ठेवायची नाही. रोज कामावर न्यायची आहे, सुट्टीत लांबही जायचं आहे. म्हणून दोन प्रश्न. कामाचा क्रम कसा लावावा? इंजिन उघडावं, वायरिंग नवं करावं, की आधी ब्रेक आणि टायर? दुसरा प्रश्न अंगावर घालायच्या गियरचा. माझ्याकडे एक जाड जॅकेट आणि एक फुलफेस हेल्मेट आहे. जॅकेट उन्हात सोसवत नाही, त्यामुळे ते बहुतेक वेळा खुंटीवरच राहतं. हेल्मेट घातलं की थोड्याच वेळात कपाळ ठणकायला लागतं. दिवसभर अंगावर राहील आणि पडलं तर उपयोगीही पडेल असं काय बघावं?

ग्रीसगन:
इंजिनला सध्या हात लावू नका. कॉम्प्रेशन आहे, सुरू होते आहे, म्हणजे आतलं काम थांबू शकतं. थांबता न येणारी गाडी मात्र रस्त्यावर न्यायचीच नाही, म्हणून सुरुवात चाकांपासून.

टायरच्या अंगावर डॉटचा शिक्का असतो आणि त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. नक्षी कितीही खोल दिसो, उभ्या गाडीचं रबर वाळून कडक होतं, कडेला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर ते पकड धरत नाही. टायर, ट्यूब आणि रिम टेप तिन्ही एकदम बदला. चाक उघडलंच आहे तर प्रत्येक स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारा. घट्ट स्पोक खणखणीत वाजतो, ढिल्याचा आवाज बसका येतो.

मग ड्रम. आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. लायनर भरपूर उरलंय असं दिसलं तरी ते शूला चिकटवणारा गोंद म्हातारा झालेला असतो. लायनर सुटून ड्रममध्ये अडकलं तर चाक जागच्या जागी जाम होतं. त्यामुळे शू नवेच घाला. ब्रेकचा कॅम (शू बाहेर ढकलणारा तुकडा) बाहेर काढा, साफ करा, पुसटसं ग्रीस लावा. जास्त झालं तर तापल्यावर तेच लायनरवर उतरतं. चाक बसवताना ॲक्सलचा नट शेवटचा आवळण्याआधी ब्रेक दाबून धरा, म्हणजे शू ड्रमच्या बरोबर मध्यावर बसतात. हे एवढंसं काम बरेच जण सोडतात आणि मग पुढचा ब्रेक लागत नाही म्हणून ड्रमलाच नावं ठेवतात. आणि ब्रेक पूर्ण लावल्यावर कॅमची दांडी आणि वायर यांच्यातला कोन ९० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. त्यापुढे हाताचा जोर नुसता वाया जातो.

पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. मागचं चाक धरून आडवं हलवून बघा, स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असेल तर हाताला कळतो. क्लच, ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या वायरी नव्याच घ्या. वायर तुटते ती मधे नाही, टोकाच्या गोळीपाशी तुटते, आणि तिथले सुटलेले धागे आवरणाखाली दिसत नाहीत.

चोकचं उत्तर सोपं आहे. कमी थ्रॉटलला इंजिनाला पेट्रोल देतो तो पायलट जेट, त्याचं भोक केसाएवढं असतं. उभ्या गाडीत पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकट थर आधी तेच भोक बुजवतो. जेट काढा, कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका. तार घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं की ते कायमचं. आजकाल पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुन्या गाड्यांतलं रबर त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. नळी, फ्लोटच्या सुईचं टोक, कार्ब्युरेटरचे ओ-रिंग हे सगळं आधुनिक पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं घ्या. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून गाडी पुन्हा महिनोन् महिने उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीखालचा स्क्रू उघडून वाटी रिकामी करा.

चौथागियर:
ग्रीसगन यांचा गाडीचा क्रम बरोबर आहे. पण माझ्या मते त्याच्याही आधी हेल्मेट. गाडी दुरुस्तीला पडलेली असताना धोका नसतो. ती बाहेर निघेल त्या पहिल्या दिवशी डोक्यावर दुखरं हेल्मेट असेल तर निम्मं लक्ष कपाळाकडे राहील.

१९३५ साली टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', ब्रफ सुपीरियर एसएस १०० या मोटरसायकलवर होता. त्या काळातली अव्वल गाडी आणि सराईत स्वार. सायकलवरची दोन मुलं वाचवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या मारामुळे गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे युद्धकाळात त्यांनी निरोप पोचवणाऱ्या लष्करी मोटरसायकलस्वारांच्या दुखापती तपासल्या आणि १९४१ साली हेल्मेटची गरज आकड्यांनिशी मांडली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की, लॉरेन्सची गाडी कुठेच कमी पडली नव्हती. उत्तम ब्रेक लावूनही रस्त्यावर दुसरं कोणी तरी असतंच.

आता तुमचं कपाळ. ते ठणकतं याचा अर्थ हेल्मेट लहान आहे असा लगेच लावू नका. बहुधा आकार चुकला आहे. माप एकच असलं तरी कुणाचं डोकं वरून पाहिलं तर गोलसर, कुणाचं पुढे-मागे लांबट. लांबट डोक्यावर गोल कवच घातलं की कपाळावर आणि मागे टोचतं, कानाजवळ मात्र पोकळी राहते. अशा वेळी लोक एक माप मोठं घेतात. मग कपाळाला बरं वाटतं, पण हेल्मेट डोक्यावर गरगर फिरतं. भुवयांच्या किंचित वरून आणि डोक्यामागच्या सर्वांत फुगीर भागावरून फीत फिरवून माप घ्या, मग दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचं त्याच मापाचं हेल्मेट घालून बघा. दुकानात वीस मिनिटं डोक्यावर ठेवा. गाल चांगले दाबले गेले पाहिजेत, गालाच्या गाद्या पुढे सैल होतात. कपाळावर एका जागी टोचायला नको. हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे फिरवलं तर चेहऱ्याची कातडी सोबत सरकली पाहिजे. पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ओढा. निघून आलं तर ते तुमचं नव्हे.

आतल्या बाजूला पट्ट्यावर ईसीईचा (हेल्मेटच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) बिल्ला असेल तर त्यावरचा क्रमांक ०५ ने सुरू होतो की ०६ ने ते बघा. ०६ म्हणजे २०२१ पासून लागू झालेला २२.०६ हा नियम. त्यात तिरप्या आघाताची चाचणी आहे, म्हणजे डोकं झटक्यात फिरण्याचा धोकाही मोजला जातो. पी हे अक्षर हनुवटीची कड संरक्षक असल्याचं सांगतं. आणि एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत घालायचं नाही. आतला थर्माकोलसारखा थर चेपला जाऊनच मार झेलतो, तो पुन्हा फुगत नाही, आणि बाहेरून काही दिसतही नाही.

ओव्हरहेड:
जॅकेटबद्दल माझं मत चामड्याच्या बाजूचं आहे. घासण्याला चामड्याइतकं टिकणारं थोडंच असतं. जाळीदार जॅकेटांवर माझा विश्वास नाही.

सायंतारा:
ओव्हरहेड, शर्यतीच्या ट्रॅकवर तुमचं म्हणणं मान्य. पण आडवाट यांनीच लिहिलं आहे की त्यांचं जॅकेट खुंटीवर राहतं. खुंटीवरचं चामडं कुणालाच वाचवत नाही. मी रोज गाडी चालवते आणि गेली बरीच वर्षं जाळीचं जॅकेट घालते. जाळीजाळीत फरक असतो आणि तो लेबलवर वाचता येतो.

ईएन १७०९२ हे कपड्यांचं युरोपीय मानक बघा. त्यात ट्रिपल ए, डबल ए, ए, बी आणि सी असे वर्ग आहेत. ट्रिपल ए सर्वांत टिकाऊ, पण जड आणि गरम. रोजच्या वापराला डबल ए मिळालं तर उत्तम, उन्हाळी जाळीत बहुतेक वेळा ए मिळतो. बीमध्ये कापड ए इतकंच, पण आर्मर (मार झेलणारे पॅड) नाही. सी म्हणजे नुसतं आर्मर धरून ठेवणारी जाळी, घासण्यापासून संरक्षण नाही, त्यावरून दुसरं काहीतरी घालावं लागतं. पारदर्शक दिसणारी पुष्कळ जॅकेटं या शेवटच्या वर्गातली असतात. खांदे आणि कोपर या जागी कापड घट्ट विणीचं आणि छाती-पोटावर जाळी, अशी रचना मी शोधते, कारण घसरताना जमिनीला टेकतात ते खांदे आणि कोपरच.

आर्मरवर ईएन १६२१-१ आणि लेव्हल १ किंवा २ असं छापलेलं असतं. चाचणीत ५० जूलचा ठोका देऊन पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात. लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ मध्ये २० पर्यंतच. पाठीच्या आर्मरचं मानक वेगळं, १६२१-२, तिथे हे आकडे १८ आणि ९. तेव्हा पाठीला लेव्हल २ घ्या. पुष्कळ जॅकेटांत पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा असतो. तो काढून हातात घ्या आणि त्यावर काही छापलंय का ते बघा. छापलं नसेल तर तो फक्त जागा भरायला आहे.

आणि एक गोष्ट जी दुकानात उभं राहून कधीच कळत नाही. जॅकेट गाडीवर बसून घालून बघा, तुमच्याच गाडीवर. जुन्या गाड्यांचं हँडल रुंद आणि उंच असतं, पाठ ताठ राहते, कोपर बाहेर येतात. पुढे वाकून चालवायच्या गाडीसाठी शिवलेलं जॅकेट अशा बैठकीत गळ्याशी वर चढतं आणि बाही मनगटावरून मागे सरकते. कोपराचं आर्मर धरून फिरवून बघा. सहज बाजूला गेलं तर पडल्यावरही जाईल. बाहीवरचा पट्टा आवळूनही फिरत असेल तर दुसरं माप घ्या. बायकांच्या बाबतीत मला विशेष सांगायचं आहे: पुरुषांचं लहान माप म्हणजे बाईचं जॅकेट नव्हे. खांदा रुंद पडतो, आर्मर दंडावर घसरतं आणि कमरेला कापड ताणतं. बायकांच्या बेताचं शिवलेलंच मागा, नसेल तर मागवायला लावा.

उन्हाबद्दल. हवा आपल्या कातडीपेक्षा थंड असते तोवर जाळी मजेत चालते. हवा ३५ अंशांच्या वर गेली की तोच वारा अंग तापवायला लागतो, घाम क्षणात उडतो आणि तहान लागायच्या आत पाणी कमी झालेलं असतं. अशा दिवशी आतला टी-शर्ट भिजवून घाला आणि समोरची हवा थोडी कमी करा. भिजलेलं कापड बराच वेळ थंड राहतं. पावसासाठी आतून लावायचं अस्तर मला पटत नाही. बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि वाऱ्याने गार पडतं. वरून घालायचा पातळ रेनसूट बरा, आणि तो ठसठशीत रंगाचा घ्या. जुन्या गाडीचा मागचा दिवा आधीच मंद असतो.

ओव्हरहेड:
लेबलची माहिती उपयोगाची आहे. वर्गांचा हा फरक लक्षात घेतला तर ए वर्गाच्या जाळीला माझा विरोध नाही. सी वर्गाबद्दलचं मत मात्र कायम.

आडवाट:
खूप आभार. टायर, ट्यूब, शू आणि वायरी झाल्या. पायलट जेट खरंच बुजला होता, आता चोकशिवाय शांत चालते. हेल्मेटही सापडलं, माझं डोकं लांबट निघालं. वीस मिनिटं ठेवून पाहिलं, कपाळ गप्प आहे.

नवी अडचण अशी: गार असताना पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, पण अर्धा तास चालवली की अडखळते आणि बंद पडते. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू. चेन आवळली आहे, तरी एका जागी खटखट येते. आणि हातमोजे घातले की क्लच कधी सुटला ते कळत नाही, म्हणून काढून चालवते. हे योग्य नाही हे माहीत आहे. बॅटरीही मधूनमधून उतरते.

ग्रीसगन:
गरम होऊन बंद पडण्याची चार कारणं, स्वस्तापासून महागाकडे तपासत जा.

बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा. हवा आत खेचल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा आत यावी लागते. ते नसेल तर तिथेच प्लग काढून हेडला टेकवा आणि किक मारून ठिणगी बघा. ठिणगी अशक्त, पिवळसर असेल तर पॉईंटचं झाकण उघडून पॉईंटवर किती ठिणग्या उडतात ते बघा. तिथे जोरात उडत असतील तर कंडेन्सर (पॉईंटला जोडलेला, तिथली ठिणगी दाबणारा छोटा भाग) गेला. तो गारमध्ये बरा आणि गरम झाला की दगा देणारा, असाच मरतो. जुन्या साठ्यातला नवा कंडेन्सरही आतून वाळलेला असू शकतो, त्यामुळे अलीकडे बनलेला घ्या. पॉईंटची फट बहुतेक इंजिनांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते, पण आकडा तुमच्या मॅन्युअलमधला धरा. कंडेन्सर बदलूनही तेच होत असेल तर इग्निशन कॉइल.

चौथं कारण टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग; त्यांच्यात थोडी फट लागते. ठिणगी खणखणीत आहे आणि गरम झाल्यावर कॉम्प्रेशन मऊ लागतं, तर टॅपेट घट्ट आहेत. गरम व्हॉल्व्ह लांबतो, फट उरत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अशाने जळतो. इंजिन पूर्ण गार, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वरच्या टोकाला, मग फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) फट मोजा. टॅपेटचा हलका टकटक आवाज असू द्या. आवाज बंद करायच्या नादात लोक ते आवळतात आणि हेड उघडायची वेळ आणतात. या बाबतीत माझं ठाम मत आहे: वाजणारा टॅपेट गॅरेजला नेतो, मुका टॅपेट हेडच खातो.

चेन एका जागी खटखटते म्हणजे ती सगळीकडे सारखी झिजलेली नाही. चाक फिरवत सर्वांत ताणलेली जागा शोधा आणि ढिलाई तिथे मोजा, साधारण २५ ते ३० मिलिमीटर. सैल जागी मोजून आवळली तर ताणलेल्या जागी बेअरिंगवर भार येतो. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले दिसले तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. आणि चेन साफ करताना इंजिन बंद, चाक हाताने फिरवायचं. चालू इंजिनावर फडकं धरून बोटं गेलेली मी पाहिली आहेत.

बॅटरीला मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन थोडं वाढवल्यावर १४ च्या आसपास. वाढवूनही १२ च दिसत असेल तर चार्जिंग होत नाही, १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर खराब आहे. दोन्हींआधी इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थ वायर सोडवून तिच्या खालचा रंग आणि गंज खरवडा. जुन्या गाडीचे निम्मे विजेचे आजार तिथे बरे होतात.

एक राहिलं. ऑइलच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा. या गाडीचा क्लच तेलातच बुडलेला असतो आणि कारसाठीच्या बऱ्याच तेलांतली घर्षण कमी करणारी द्रव्यं त्याला घसरवतात. क्लच नीट सुटत नसेल तर वायरचा प्लेही बघा, दांडीच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर.

वाटसरू:
लांब जाणार आहात म्हणून कानांबद्दल सांगतो, याचा विषय फार कमी निघतो. पुढे काच नसलेल्या गाडीवर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ ही मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. मऊ फोमचे इअरप्लग घाला. हॉर्न आणि इंजिन ऐकू येतं, वाऱ्याची घरघर कमी होते, आणि संध्याकाळी उतरल्यावर डोकं जड होत नाही. ड्रम ब्रेकच्या गाडीवर थकवा महागात पडतो. ताशी ६० ला एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जातात, आणि ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर ताशी ८० ला ६० च्या पावणेदोनपट असतं.

सायंतारा:
हातमोज्यांचं. पडताना हात आपोआप पुढे जातो, म्हणून मोजे काढून चालवू नका, दुसरे शोधा. तुमच्या मोज्यांच्या तळव्याला जाड भरण असणार. ते पकडीत गोळा होतं आणि दांडीचा अंदाज जातो. ईएन १३५९४ लिहिलेले, तळव्याला एकेरी पातळ चामडं आणि मनगटाजवळच्या उंचवट्यावर कडक घसरपट्टी असलेले बघा. ती पट्टी तळवा रस्त्यात रुतू न देता सरकवते. मनगटाचा पट्टा लावा आणि मोजा बोटांच्या टोकांना धरून ओढा, निघता कामा नये. बोटांची लांबी मूठ वळवून तपासा. सरळ हाताला बरोबर बसणारा मोजा मुठीत नखांवर दाब देतो.

बुटांना ईएन १३६३४ आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षण हवं. तुमची गाडी किकची आहे, तेव्हा तळवा कडक पण टाच घट्ट धरणारी घ्या आणि दुकानातच एका पायावर उभं राहून टाचेने जोर देऊन बघा. नाडीचे असतील तर नाडी आत खोचता आली पाहिजे, किकमध्ये किंवा गियरच्या दांडीत अडकते. गियरच्या दांडीखाली बुटाचं टोक सहज शिरतंय ना तेही बघा. जाड बूट घेतल्यावर दांडी एक दाता वर बसवावी लागते, ते काम पाच मिनिटांचं आहे.

आडवाट:
कंडेन्सरच निघाला. पॉईंटवर निळ्या ठिणग्या दिसत होत्या, नवा लावल्यावर अख्खी दुपार चालवली, एकदाही अडखळली नाही. टॅपेटही तपासले, एक्झॉस्टचा खरंच घट्ट होता. अर्थ वायरखाली रंगाचा जाड थर होता, तो खरवडल्यावर मीटर १४.१ दाखवतो. पातळ तळव्याचे मोजे घेतले आणि क्लच वायरचा प्ले लावला, आता सुटायची जागा बोटाला कळते. ए वर्गाचं जाळीचं जॅकेट गाडीवर बसून घालून पाहिलं. दोन परत केली, तिसऱ्याची कोपरं जागेवर राहिली. पाठीचा फोम काढून लेव्हल २ चं आर्मर घातलं आहे. गियरची दांडी उद्या एक दाता वर घेते.

ग्रीसगन:
दांडीचा बोल्ट नुसता ढिला करून ओढू नका, पूर्ण बाहेर काढा. तो शाफ्टच्या खाचेतून जातो, तसाच ओढला तर आटे जातात. आणि नवे शू आहेत, तेव्हा पहिले शंभरेक किलोमीटर रिकाम्या रस्त्यावर हलके ब्रेक लावत चालवा, मग प्ले पुन्हा लावा. स्पोकही तेव्हाच परत वाजवून बघा.